आईच्या दुधाचं कौतुक पुरे, पाजणाऱ्या बाईची सोय बघा

चौसाळ्यातल्या आमच्या गटाची बैठक होती. पावसाळ्याचे दिवस, एका बाईच्या ओसरीवर पंधरा-सोळा जणी दाटीवाटीने बसलेल्या. विषय रेशनचा होता. मध्येच कोपऱ्यातल्या एका तरुण मुलीचं बाळ रडायला लागलं. तिने पिशवीतून बाटली काढली, पावडर टाकली, तांब्यातलं पाणी ओतलं, हलवली आणि बाळाच्या तोंडाला लावली. बाळ पाच आठवड्यांचं होतं.

“अगं, अंगावर पाजत नाहीस का?” कोणीतरी विचारलंच.

“दूधच आलं न्हाई, मावशी. दवाखान्यातच पावडर लावली.”

रेशनचा विषय तिथेच थांबला आणि सगळ्याजणी एकदम बोलू लागल्या. एक म्हणाली, दृष्ट लागली असेल. दुसरीने अळीव सांगितले, तिसरीने डिंकाचे लाडू. चौथीने आजकालच्या मुलींना पाजायचा कंटाळा येतो असं म्हणून घेतलं. अंगणवाडीत काम करणारी एक मैत्रीण होती. ती म्हणाली, “सहा महिने फक्त आईचंच दूध द्यायचं, पाणीसुद्धा नाही.” ते बरोबरच होतं. पण ती मुलगी मान खाली घालून बसली. तिला हे माहीत होतं. दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत तेच लिहिलेलं होतं, आणि त्याच भिंतीखाली तिच्या हातात पावडरचा डबा देण्यात आला होता.

तिचं बाळंतपण सिझरचं. पहिले दोन दिवस बाळ तिच्याजवळ फार दिलंच नाही. रडलं की वरचं दूध. तिसऱ्या दिवशी छाती दगडासारखी झाली, ताप आला. बाळाने तोंड लावलं की जीव जायचा. कोणी म्हणालं, हे दूध आता नासलं, पाजू नको. मग दूध आटलं. आटलं म्हणजे दूध “आलं नाही” असं झालं, आणि दोष तिच्या अंगाचा ठरला.

मला मात्र त्या दिवशी स्वतःचीच लाज वाटली. इतकी वर्षं चळवळीत काढली. हुंड्यावर, दारूवर, मारहाणीवर तासभर बोलता येतं. पोलीस ठाण्यात फिर्याद कशी लिहून घ्यायची तेही सांगता येतं. पण पाच आठवड्यांच्या बाळाला अंगावर कसं लावायचं, हे मला दाखवता येईना. मी दोन मुलं पाजली आहेत, तरीही. कारण मी कशी पाजली ते माझं मला माहीत, दुसरीला शिकवायचं ज्ञान म्हणून मी त्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

शेवटी उठली ती घरातली म्हातारी आजी. तिने बाळ हातात घेतलं, मुलीला भिंतीला टेकून बसवलं, मांडीखाली गोधडी दिली. “हे आडवं झालंय बघ, त्याची मान वळलीया. पोट पोटाला लाव. नुसतं बोंड देऊ नको, तोंड मोठं उघडू दे, काळा भाग आत जाऊ दे.” दोन-तीनदा बाळ सुटलं, रडलं. चौथ्यांदा त्याने नीट धरलं. दूध फार नव्हतं, पण बाळ चोखत राहिलं आणि ती मुलगी पाच आठवड्यांत पहिल्यांदा म्हणाली, “दुखत न्हाई.”

आता याची गोड गोष्ट करू नये. तीच आजी तासाभराने म्हणाली की आमच्या काळी पहिला चीक काढून टाकायचो आणि तीन दिवस गुळाचं पाणी द्यायचो. तिच्या हातात जे होतं ते लाखमोलाचं होतं, आणि डोक्यातलं काही घातक होतं. आणि त्या मुलीची बाटलीही पूर्ण सुटली नाही. पंधरा दिवसांनी निम्म्यावर आली एवढंच. पाच आठवड्यांनी जे मिळालं ते पहिल्या तासात मिळालं असतं तर? या लेखाचा सगळा प्रश्न एवढाच आहे.

बाळंतपण दवाखान्यात गेलं, पहिला तास कुठे गेला?

२०१९ ते २१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे बघा. देशात १०० पैकी सुमारे ८९ बाळंतपणं दवाखान्यात होतात. पण जन्मल्यावर तासाभरात आईच्या अंगावर लागलेली बाळं आहेत १०० पैकी फक्त ४२. म्हणजे निम्म्याहून अधिक बाळांचा पहिला तास वाया जातो, आणि तोही बहुतेक वेळा डॉक्टर, नर्सच्या डोळ्यांदेखत. पूर्वी आपण म्हणायचो, खेड्यातल्या बाया अडाणी, चीक फेकून देतात. आता चीक फेकायला बाई घरी असतेच कुठे? आता बाळाला आईपासून दूर ठेवतं ते प्रसूतीगृह.

यात प्रत्येक नर्स वाईट असं मला म्हणायचं नाही. एका पाळीत एक सिस्टर, तिच्या अंगावर दहा बाळंतिणी, त्यात रजिस्टरं भरायची. एका बाईजवळ पाऊण तास बसून बाळ अंगाला लावून द्यायचं तर बाकीच्या नऊ जणींचं काय? बाटली दोन मिनिटांत होते. शिवाय तिला स्वतःला हे कोणी शिकवलंय? आईच्या दुधात कोणती जीवनसत्त्वं असतात हे परीक्षेला विचारतात. दुखऱ्या, फुटलेल्या बोंडांच्या बाईजवळ बसून काय बघायचं, हे हाताला शिकवावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने १९९३ साली स्तनपान समुपदेशनाचा ४० तासांचा अभ्यासक्रम तयार केला. चाळीस तास, कारण हे काम आहे, कसब आहे. आपल्याकडे मात्र ते बाईच्या रक्तातच असतं अशी समजूत. ज्याला रक्तातलं म्हटलं जातं ते शिकवायची जबाबदारी कोणावरच राहत नाही, आणि जमलं नाही तर गुन्हा बाईचा.

करून दाखवलेली उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. १९८९ साली मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. महापालिकेचं रुग्णालय, येणाऱ्या बाया झोपडपट्टीतल्या. अपुऱ्या दिवसांच्या, आजारी बाळांना दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध मिळू लागलं. त्याच सुमाराला गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांतला हा प्रयोग १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्या गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. थोडं शिकलेली बाई, घरी जाऊन, हाताने दाखवून हे करू शकते हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवलं.

डबा कोण विकतो?

मैत्रिणींनो, या गोष्टीला बाजाराची बाजू आहे. गरीब देशांतल्या बायांना दुधाची पावडर विकून कंपन्यांनी काय केलं यावर १९७० च्या दशकात जगभर रान उठलं. १९७७ साली अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला आणि १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाच्या विक्रीसाठी आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. आपल्या देशात १९९२ साली कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला. त्या कायद्यामागे रेटा लावणाऱ्यांत डॉक्टर आणि ग्राहक चळवळीतली माणसं होती. ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संस्था डिसेंबर १९९१ मध्ये स्थापन झाली ती आपल्या वर्ध्यात.

हा कायदा आपल्यापैकी किती जणींनी वाचलाय? त्यात काय आहे ते थोडक्यात सांगते. बाळाच्या दुधाची पावडर, बाटल्या आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचं तयार अन्न यांची जाहिरात करायला बंदी आहे. फुकट नमुने वाटायला बंदी आहे. डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र छापता येत नाही. दवाखान्यात या मालाची पोस्टरं लावता येत नाहीत, डॉक्टर-नर्सना कंपनीने भेटी देता येत नाहीत. २००३ साली दुरुस्ती होऊन डॉक्टरांच्या परिषदांना कंपनीने पैसे देणंही बंद झालं. कायदा कडक आहे. पण तो वापरायला कोणी फिर्यादी लागतो. तालुक्याच्या गावात एखाद्या बाळंतिणीच्या उशाशी डबा दिसला, तर तो कोणी दिला, कशासाठी दिला, चिठ्ठीवर लिहिला का, हे विचारणारं कोण आहे? आपण नाही तर कोण?

डब्याचं अर्थशास्त्रही बघा. एक डबा म्हणजे रोजाने जाणाऱ्या बाईची दीड-दोन दिवसांची मजुरी, आणि तो आठवडाभरही पुरत नाही. मग पावडर कमी, पाणी जास्त. पाणी टँकरचं नाहीतर हातपंपाचं, उकळायला जळण हवं. बाटलीची बुचं नीट धुवायला दिवसातून सात-आठ वेळा कोणाला वेळ आहे? बाळाला हगवण लागते, ते वाळत जातं, आणि दवाखान्यात पुन्हा आईलाच बोलणी बसतात.

फडावर पान्हा फुटला तर

आता बीड जिल्ह्यात राहून ऊसतोडीचा विषय काढल्याशिवाय कुठलाच विषय पुरा होत नाही. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडच्या गावांतून टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकच्या कारखान्यांकडे. हिशोब माणसाचा नसतो, ‘कोयत्या’चा असतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. उचल दोघांच्या नावाने घेतलेली. बाई बाळंत झाली म्हणून अर्धा कोयता चालत नाही. तांबडं फुटायच्या आत फडात जायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. बाळ पाचटावर नाहीतर झोळीत, बघायला सात-आठ वर्षांची बहीण. एक दिवस पाडला की खाडा धरतात.

२०१९ साली आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी देशभर गाजली. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी आपण सगळ्याजणी बोललो आणि ते बोलायलाच हवं होतं. पण ज्या कारणाने पिशवी काढावीशी वाटते, म्हणजे खाडा पडू नये, त्याच कारणाने बाळ अंगावरून तुटतं. पाजायला वीस मिनिटं लागतात. दिवसाचे आठ-दहा वेळा. ते धरलं तर तीन तासांचं काम झालं. हे तीन तास कोणाच्या हिशोबात आहेत?

कायदा आहे की, असं म्हणणारे भेटतात. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, २६ आठवड्यांची पगारी रजा आली, पन्नास किंवा अधिक माणसं काम करतात तिथे पाळणाघर आलं, बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजायला दोन सुट्ट्याही आहेत. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे हक्क घेतले आहेत. पण फडातल्या बाईचा मालक कोण? कारखाना म्हणतो, मुकादमाला विचारा. मुकादम म्हणतो, मी उचल दिलीय, काम बघणार. तिची वीस मिनिटं या दोघांच्या मध्ये कुठेतरी पडून राहतात. असंघटित बाईसाठी २०१७ पासून मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला ५००० रुपये आहेत. नोकरदार बाईला २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस पगार. मजूर बाईचे ५००० रुपये १८२ दिवसांत वाटले तर दिवसाला साडेसत्तावीस रुपये पडतात. एवढ्यात सहा महिने घरी बसून पाज, असं सरकार तिला सांगतं.

आणि माहिती, मदत? गावात आशाताई आहे. २०११ पासून तिने बाळंतिणीच्या घरी जायचं ठरलेलं आहे: दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. योजना आली तेव्हा या सहा भेटींचा मिळून मोबदला ठरला २५० रुपये, म्हणजे भेटीला बेचाळीससुद्धा नाहीत. ज्या कामाने गडचिरोलीत बाळं वाचली, त्या कामाची ही किंमत. तरीही आशाताई जाते. पण बाई फडावर गेली की ती आशाताईच्या यादीतून उठते आणि फडाजवळच्या गावातल्या आशाताईच्या यादीत तिचं नाव चढतच नाही. दोन याद्यांच्या मध्ये एक अख्खं बाळ हरवतं.

“हे तर मातृत्वाचं उदात्तीकरण!”

आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतील, स्त्री चळवळीने स्तनपानाचा प्रचार करायचा? बाईला पुन्हा बाळाशी आणि चुलीशी बांधायचं? ही शंका मला खोटी वाटत नाही. “आईचं दूध अमृत” म्हणणारे बहुतेकजण त्या आईला संध्याकाळी पोटभर भाकरी मिळाली का हे विचारत नाहीत. उपाशी बाईलाही दूध येतं, पण ते ती स्वतःच्या अंगातून काढून देते. न पाजणारी बाई म्हणजे वाईट आई, फिगर सांभाळणारी, असा शिक्का मारणारेही पुष्कळ आहेत. हा विषय त्यांच्या हाती सोडला म्हणूनच तो असा झालाय.

माझं म्हणणं असं की पाजणं हे कर्तव्य म्हणून बाईवर लादू नका, आणि हक्क म्हणून तिच्याकडून काढूनही घेऊ नका. आज दोन्ही चाललंय. भाषणात लादतात, व्यवहारात काढून घेतात. ज्या बाईला पाजायचं नाही, किंवा आजारपणाने, औषधांमुळे पाजता येत नाही, तिला बोल न लावता बाळाला सुरक्षित कसं वाढवायचं ते सांगावं. पण चौसाळ्याच्या त्या मुलीने बाटली निवडली नव्हती. तिला दुसरं काही मिळालंच नव्हतं. पर्याय नसताना केलेल्या गोष्टीला निवड म्हणणं ही तिची थट्टा आहे.

आपण काय करू शकतो

पहिली गोष्ट, प्रत्येक गटात निदान दोघीजणी तरी हे काम हाताने शिकलेल्या असाव्यात. फार अवघड नाही. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, पाजताना दुखत नाही: बाळ नीट लागलं. पहिले काही दिवस गेल्यावर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होते आणि वजन वाढतं: दूध पुरतंय. छाती दाटली, गाठ धरली तर पाजणं थांबवायचं नाही, शेक द्यायचा, हाताने दूध काढायचं. तापासह लाल, दुखरी गाठ असेल तर दवाखाना गाठायचा. तिथेही पाजणं चालू ठेवता येतं का हे विचारायचं, बहुतेक वेळा येतं. बाई कामावर जाणार असेल तर हाताने काढलेलं दूध स्वच्छ झाकणाच्या भांड्यात सावलीत चारेक तास टिकतं, आमच्या उन्हाळ्यात त्याहून कमी. ते बाटलीने नको, वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने पाजावं, उकळून धुतलेल्या.

दुसरी, गटातल्या आज्यांना बोलतं करा. त्यांच्या हातातलं शिकून घ्या आणि चीक फेकण्यासारखं, मध-गुटी चाटवण्यासारखं जे चुकीचं आहे ते त्यांच्याशी भांडण न करता बोलून बाजूला ठेवा.

तिसरी, जवळच्या सरकारी दवाखान्यात शिष्टमंडळ घेऊन जा. तासाभरात बाळ आईजवळ दिलं जातं का, सिझरच्या बाईला कोण मदत करतं, कोणत्या सिस्टरचं प्रशिक्षण झालंय, हे तीनच प्रश्न विचारा. भांडायला जाऊ नका, पण उत्तर लिहून घ्या. सिस्टर म्हणाली माणसं कमी आहेत, तर तिच्या मागणीला आपली सही जोडा. तिचा प्रश्न आणि बाळंतिणीचा प्रश्न वेगळा नाही. आशाताईच्या मोबदल्याचंही तसंच.

चौथी, डबा, नमुना, चिठ्ठी किंवा मोबाइलवरची जाहिरात दिसली तर तारीख, वार, दुकान लिहून ठेवा, जमल्यास फोटो काढा आणि तक्रार करा. १९९२ चा कायदा कपाटात ठेवण्यासाठी झालेला नाही.

पाचवी, ऊसतोड बायांच्या मागण्यांत उचल, दर, शौचालय यांच्याबरोबर हेही लिहा: तळावर पाळणाघर, पाजायची सुट्टी खाड्यात धरायची नाही, आणि बाळंतिणीचं नाव गावाकडून फडाकडे कळवायची व्यवस्था. मुकादमाच्या वहीत उचल गावाहून फडापर्यंत बिनचूक पोचते. मग बाळाचं कार्ड का पोचू नये?

आणि घरातल्या पुरुषांना एक सांगायचं. पाजता तिलाच येतं, हे खरं. पण पाणी भरणं, भाकरी करणं, रात्री बाळाला उचलून तिच्याजवळ देणं, दुपटी धुणं याला कुठलाही पान्हा लागत नाही.

त्या बैठकीत रेशनचा ठराव राहूनच गेला. पुढच्या बैठकीत तो झाला, आणि त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहिली गेली: गावात कोणीही बाळंत झाली की आठ दिवसांच्या आत गटातल्या दोघींनी तिच्याकडे जायचं, बाळंतविडा नसला तरी चालेल, हात धुऊन जायचं आणि जवळ बसायचं. तुमच्या गावात हे कोण करतं? करत असतील तर आम्हाला कळवा, आम्हालाही शिकायचंय. कोणीच करत नसेल, तर पुढची बैठक त्याच विषयावर घ्या.